द्वोर्झाकचा ‘लार्गो’ बारा चेलोंसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतली दुसरी मूव्हमेंट (भाग), म्हणजे ‘लार्गो’, मी चेलोंच्या मोठ्या ताफ्यासाठी दोनदा बसवली. पहिल्यांदा बिघडवली आणि दुसऱ्यांदा बरी जमली. तेव्हापासून चेलो वाजवणारे आणि शिकवणारे तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. सुरांची नावे स्टाफ नोटेशनची (पाश्चात्य स्वरलिपीची) आहेत, पण जिथे सरगम किंवा पेटीची पट्टी पटकन कळते तिथे तीच वापरली आहे.

हीच मूव्हमेंट का? रोमँटिक काळात संथ मूव्हमेंटची काय कमी आहे?

कमी अजिबात नाही. माहलरच्या पाचव्या सिंफनीतला ‘अडाजिएटो’ तर नुसत्या तंतुवाद्यांसाठी आणि हार्पसाठीच लिहिलेला आहे, त्यामुळे कागदावर तो सर्वांत सोपा वाटतो. पण त्याची सगळी जान व्हायोलिनच्या उंच सुरांत आहे. चेलोवर ते सूर एक सप्तक खाली आणले की प्रकाश जातो, आणि तिथेच ठेवले की वादकाच्या कपाळावर घाम दिसतो. ब्राह्म्सच्या दुसऱ्या सिंफनीतल्या संथ मूव्हमेंटची सुरुवातच चेलोंच्या धुनेने होते. लोकांना वाटते हे तर आयते मिळाले, पण खरी अडचण तीच आहे. मुळात ती धून बाकीच्या वाद्यांच्या मधून वर येते. सगळेच चेलो असतील तर ती वर येणार कशातून?

‘लार्गो’त मुख्य धून कोर आंग्ले या वाद्याची आहे. ओबोचा हा थोरला भाऊ, आवाज थोडा नाकातला आणि खोल. धून ज्या पट्ट्यात फिरते तिथे चेलोची ए तार सर्वांत जास्त बोलते. तिच्या भोवती म्यूट (घोडीवर बसवायचा, आवाज मऊ करणारा तुकडा) लावलेली तंतुवाद्ये आणि मागेपुढे पितळी वाद्यांच्या कॉर्ड (एकदम वाजणारे सूर). म्हणजे मूळ रचनेतच एक गाणारा आणि बाकीचे सांभाळून घेणारे अशी वाटणी झालेली आहे. अरेंजरला, म्हणजे रचना दुसऱ्या वाद्यांसाठी बसवणाऱ्याला, आणखी काय हवे?

मूळ रचनेबद्दल थोडक्यात सांगाल का?

द्वोर्झाक 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख म्हणून अमेरिकेत गेला. ही सिंफनी त्याने 1893 मध्ये तिथेच लिहिली आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरला आंटोन झाइडलच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवली. ‘लार्गो’ साधारण बारा मिनिटांचा आहे. सिंफनी ई मायनरमध्ये आहे, पण ही मूव्हमेंट डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी एक. मधला भाग सी शार्प मायनरमध्ये, म्हणजे तीच काळी एक, फक्त मायनर. सुरुवातीच्या कॉर्ड मात्र पांढरी तीनवरून निघतात आणि चार बारांत (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट) काळी एकला येऊन टेकतात. या चार बारांबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण चेलोवर तेच सर्वांत अवघड जातात.

ही धून मूळची अमेरिकन लोकगीताची आहे ना?

नाही. हा समज फार पसरलेला आहे. धून द्वोर्झाकची स्वतःची आहे. त्याचा शिष्य विल्यम आर्म्स फिशर याने 1922 मध्ये तिला ‘गोइन होम’ हे शब्द दिले, आणि गाणे इतके गाजले की लोक उलटा क्रम धरून बसले.

आपल्या कानाला ती ओळखीची का वाटते याचे कारण सरगममध्ये आहे. पहिली ओळ अशी: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. म नाही, नि नाही. कुणीही म्हणेल, हा तर भूप. पुढच्या ओळींत नि येतो आणि भूप सुटतो, म्हणून ही तुलना ताणू नका. पण नव्या वादकाला धून पाठ करायला सांगायची असेल तर मी आधी सरगम म्हणून दाखवतो. दोन मिनिटांत काम होते.

पट्टी बदलायची का? डी फ्लॅटमध्ये चेलोची एकही मोकळी तार मिळत नाही.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. चेलोच्या तारा खालून वर सी, जी, डी, ए. डी फ्लॅट मेजरच्या सात सुरांत यांपैकी एक सीच येतो, आणि तो नि म्हणून. म्हणजे मोकळी तार जवळजवळ वापरता येत नाही, सगळे बोटांनी दाबून वाजवायचे. म्हणून बहुतेक जण अर्धा सूर वर जाऊन पांढरी दोन करतात किंवा अर्धा सूर खाली येऊन पांढरी एक.

मी पहिल्या वेळी पांढरी एक केली. कारण मोहात पाडणारे होते: सा थेट सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर येतो, सहा चेलो एकदम खर्ज लावतात आणि खोली भरून जाते. पहिल्या तालमीत सगळे खूश. तिसऱ्या तालमीत लक्षात आले की मोकळी सी तार एकदा वाजली की थांबतच नाही. कॉर्ड बदलली तरी मागचा सा घुमत राहतो आणि नव्या कॉर्डवर त्याचा थर चढतो. दर वेळी डाव्या हाताने तार दाबून गप्प करावी लागते. ते केले नाही तर संथ लयीत सगळे धूसर होते.

पांढरी दोनमध्ये वेगळी भानगड. धुनेतला पंचम म्हणजे ए, आणि तो ए तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे बोट नुसते टेकवले तरी हार्मोनिक, म्हणजे हलका, पोकळ सूर वाजतो. घाबरलेला सोलो वादक तेच करतो, आणि धुनेच्या दुसऱ्याच सुरावर आवाज पांढराफटक होतो.

आता माझे मत स्पष्ट आहे: वादक तयारीचे असतील तर काळी एक सोडू नका. मोकळ्या तारा नाहीत म्हणूनच सगळ्या सुरांचा रंग सारखा राहतो, आणि म्यूट लावल्यावर एक पडदा पडल्यासारखा होतो. हा पडदाच या मूव्हमेंटचा आवाज आहे. विद्यार्थ्यांचा ताफा असेल तर पांढरी दोन घ्या, त्यात कमीपणा नाही. तेव्हा मधला भाग डी मायनरमध्ये जातो आणि डी व ए या दोन तारा तालमीत सगळ्यांना सुरात धरून ठेवतात.

बारा वादक आहेत, तर बारा वेगळ्या ओळी लिहू का?

लिहू नका. मी लिहिल्या होत्या. ऑर्केस्ट्रातला एकही सूर वाया जाऊ द्यायचा नाही असा हट्ट होता, म्हणून बासरीपासून ट्यूबापर्यंत सगळे बारा जणांत वाटून टाकले. ऐकायला बारा म्हशी एका डबक्यात बसल्यासारखे वाटले. कारण सरळ आहे. ऑर्केस्ट्रात एकच कॉर्ड वेगवेगळ्या आवाजांची वाद्ये वाजवतात, त्यामुळे कानाला थर सुटे ऐकू येतात. बारा चेलोंचा आवाज एकाच कुळातला, त्यातून बरेचसे सूर मधल्या दोन सप्तकांत येतात. सूर वाढवाल तसा गाळ वाढतो.

आता मी आठ ओळी लिहितो आणि त्यातही एका वेळी पाचच्या वर फार क्वचित जातो. सोलो एक, त्याच्याभोवती म्यूटवाल्या चार ओळी, खाली दोन, आणि एक ‘फिरता’ वादक, जो कधी बासरीची ओळ घेतो, कधी टिंपनीचा गडगडाट. उरलेले चार यांपैकीच ओळी दुबार वाजवतात, पण तेही निवडून. स्कोअरमध्ये रिकामे बार दिसले की अरेंजरला अपराधी वाटते. ते वाटू देऊ नका.

एकाच ओळीवर किती जण ठेवायचे?

एक किंवा तीन. दोन मात्र टाळा. दोघे एकच सूर वाजवतात तेव्हा केसभर फरकही डोलताना ऐकू येतो. तिसरा आला की तो फरक एकत्र मिसळून जातो. वीस-पंचवीस चेलो असतील तरी ओळी आठच ठेवा आणि माणसे तिनाच्या, चाराच्या गटात वाढवा. सोलो मात्र शेवटपर्यंत एकटाच.

सुरुवातीच्या पितळी कॉर्ड चेलोवर कशा बसवायच्या?

मूळ रचनेत हे बार खालच्या क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांचे. ट्यूबा अख्ख्या सिंफनीत या एकाच मूव्हमेंटमध्ये वाजतो, तोही मोजके सूर. फुंकीच्या वाद्यांची कॉर्ड एकदम उघडते, दरवाजा उघडावा तशी. गजाने वाजवलेली कॉर्ड आत सरकते. हा फरक पूर्णपणे मिटत नाही, पण तीन गोष्टींनी बराच कमी होतो.

पहिली, व्हायब्रेटो (बोट हलवून सूर थरथरवणे) बंद. अगदी शून्य. दुसरी, या चार बारांत म्यूट नाही आणि गज घोडीकडे थोडा सरकवलेला, दाब कमी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे खालच्या सुरांतले अंतर. खर्जाच्या सप्तकात सा आणि ग शेजारी ठेवलात की कॉर्ड गढूळ झालीच म्हणून समजा. खाली सा, त्यावर पंचम, आणि गंधार त्याच्याही वर, म्हणजे खालच्या सापासून दहावा सूर. डी फ्लॅटची कॉर्ड मी अशी लावतो: सी तारेवर पहिला डी फ्लॅट, मग ए फ्लॅट, मग वरच्या सप्तकातला एफ, आणि त्यानंतर जागा सोडून वरचा डी फ्लॅट. ट्रॉम्बोनच्या मूळ ओळी जशाच्या तशा उतरवल्या तर अंतरे जवळ येतात. ट्रॉम्बोनला ते शोभते, चेलोला नाही.

गज सगळ्यांनी एकदम बदलायचा नाही. कॉर्डच्या मधोमध एकेकाने बदलायचा आणि कुणी कुठे ते पार्टमध्ये, म्हणजे ज्याच्या त्याच्या पानावर, लिहून द्यायचे. ‘आपापले बघा’ म्हटले की तिसऱ्या ठोक्यावर सगळ्यांचे गज हमखास एकत्र संपतात.

डबल बेस नाही, मग खालचे सप्तक कुठून आणायचे?

आणायचे नाही. चेलोचा सर्वांत खालचा सूर साधारण 65 हर्ट्झचा सी. डबल बेस त्याच्याही खाली जातो, ती जागा आपल्याकडे नाही आणि ते मान्य करावे. दोघांच्या सी तारा उतरवून ए लावण्याचा प्रयोग मी केला होता. तार इतकी ढिली पडते की सूर लागायच्या आधी फडफडतो.

त्यापेक्षा एक जुनी युक्ती उपयोगी पडते. तंबोरा ऐकणाऱ्याला माहीत असते की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. चेलोचेही तेच. खालचा डी फ्लॅट सुमारे 69 हर्ट्झचा, त्याच्या पाचपट म्हणजे 346च्या आसपास. आणि कोर आंग्लेची धून ज्या गंधारावर सुरू होते तो एफ नेमका तिथेच आहे! म्हणजे खालचे दोन चेलो शांतपणे, स्वच्छ सा लावून बसले तर सोलोचा पहिला सूर त्यांच्या आवाजात आधीच हजर असतो. सोलो वादकाने तो सूर पियानोच्या एफपेक्षा किंचित खाली लावायचा, इतकेच. मी तालमीत खालच्या दोघांना आधी अर्धा मिनिट नुसता सा धरायला लावतो आणि सोलो वादकाला म्हणतो, ‘वाजवू नकोस, आधी ऐक.’

म्हणजे ट्यूनरवर सुरात लावलेले पुरत नाही?

ट्यूनरने सुरुवात होते, शेवट नाही. ए 220 धरून खाली शुद्ध पंचमाने डी, जी, सी लावत गेलात तर सी 65.2 हर्ट्झवर येतो, पियानोचा सी 65.4 वर. फरक छोटा दिसतो, पण सहा जण मोकळा सी वाजवत असताना वर कुणी ए तारेवरून मापलेला ई लावला की गंधार चढा ऐकू येतो. म्हणून मोठ्या ताफ्यात तारांमधले पंचमाचे अंतर किंचित कमी करून लावतात. काळी एकमध्ये हा त्रास कमी, कारण मोकळ्या ताराच नाहीत. पट्टी न बदलण्याचे हे आणखी एक कारण.

मुंबई-कोकणाकडच्यांसाठी: जूनमध्ये हवा दमट झाली की खुंट्या फुगून अडकतात, आणि एसी हॉलमध्ये नेले की सुटतात. कार्यक्रमाच्या आधी किमान तासभर चेलो हॉलमध्ये, केसबाहेर असू द्या.

सोलो कुठल्या तारेवर वाजवायचा?

पहिल्या वेळी ए तारेवर, व्हायब्रेटो कमी, गजाचा दाब थोडा जास्त. कोर आंग्लेचा नाकातला आवाज तिथेच थोडाफार मिळतो. शेवटी धून परत येते तेव्हा डी तारेवर, वरच्या पोझिशनमध्ये. तिथे आवाज झाकलेला, जरा म्हातारा येतो.

आणि कोर आंग्ले वाजवणारा श्वास घेतो, हे विसरू नका. मूळ पार्टमधल्या कमानी (सूर जोडणाऱ्या वक्र रेषा) श्वासाच्या आहेत, गजाच्या नाहीत. श्वासाच्या जागी गज उचला. चेलोवाला श्वास न घेता वाजवत राहिला तर धून गोड लागते, पण ती कुणी म्हणत आहे असे वाटत नाही.

मधल्या भागात बासरी आणि ओबोची धून फार वर जाते. थंब पोझिशन (अंगठा तारेवर ठेवून उंच सूर वाजवणे) न येणाऱ्यांचे काय?

त्यांना ती ओळ देऊ नका. ज्यांना येते अशा दोघातिघांपैकी एकाला मूळ सप्तक, एकाला एक सप्तक खाली. खालचा जास्त ऐकू आला पाहिजे, वरचा नुसता कडेला लकाकणारा. खाली तंतुवाद्यांचा ट्रेमोलो (गज भरभर हलवून काढलेला थरथरता सूर) आहे. तो बारा जणांनी वाजवला तर मालगाडी जाते. मी तो तिघांना देतो, मधल्या सप्तकात, गजाच्या टोकाशी. बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचे.

त्यानंतर क्लॅरिनेटची धून येते आणि बेसची पिझिकातो (बोटाने तार छेडून वाजवलेली) चाल. हा तुकडा चेलोवर मूळापेक्षाही छान वाजतो असे मी म्हणेन. काही करू नका, उतरवा आणि पुढे जा.

आणि तो मोठा स्फोट? ट्रॉम्बोन, ट्रंपेट?

ओबोच्या किलबिलाटातून एकदम ए मेजर उघडतो. ट्रॉम्बोन पहिल्या मूव्हमेंटची धून ओरडून सांगतात आणि तिच्यावर ‘लार्गो’ची धूनही येते. खरे सांगायचे तर हा भाग चेलोवर कधीच तितका मोठा होत नाही. कितीही माणसे लावा. म्यूट काढायला आधी चार-पाच बार मोकळे ठेवा, दोन्ही धुना सप्तकांत दुबार करा, मधल्या भरावाचे सूर काढून टाका. मोठेपणा आवाजाने येत नसेल तर आधीच्या शांततेने येतो, म्हणून त्याआधीचा तुकडा शक्य तितक्या हळू आवाजात ठेवा.

शेवटच्या थांब्यांचे काय करायचे?

शेवटी धून मोजक्या वादकांकडे येते, आणि मध्येच तुटते. थांबा. पुन्हा दोन सूर, पुन्हा थांबा. कंडक्टर नसेल तर हीच जागा सर्वांत धोक्याची. सोलो वादकाच्या गजाकडे बघून निघायचे, डोक्याच्या हालचालीकडे नाही, कारण प्रत्येकाचे डोके वेगळे हलते. शेवटची कॉर्ड मूळात फक्त डबल बेस वाजवतात, चार भागांत विभागून. मी ती सर्वांत मागच्या चौघांना देतो, ज्यांनी संपूर्ण मूव्हमेंटमध्ये सर्वांत कमी वाजवलेले असते. एकदा ताफ्यातल्या एका काकांनी विचारले, ‘बारा मिनिटे बसून शेवटचा एक सूर?’ म्हटले, हो. कार्यक्रमानंतर ते म्हणाले की असे हात कधी कापले नव्हते.

कॉपीराइटचा काही त्रास?

द्वोर्झाक 1904 मध्ये गेला. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो, म्हणजे रचना कधीच मोकळी झाली. पण एखाद्या प्रकाशकाच्या अलीकडच्या संपादित आवृत्तीतल्या टीपा, दुरुस्त्या त्यांच्या असू शकतात. जुनी छापील आवृत्ती समोर ठेवून काम केले की प्रश्न मिटतो. एक इशारा: द्वोर्झाकच्या काळी चेलोचे सूर ट्रेबल क्लेफमध्ये (उंच सुरांची लेखनखूण) अनेकदा एक सप्तक वर लिहिले जायचे आणि वाजायचे खाली. चेंबर म्युझिकमध्ये त्याने स्वतःही असे केले आहे. जुन्या पानांवरून उतरवताना आधी ही शहानिशा करा.

बारा चेलो आणायचे कुठून?

जगभर ही परंपरा जुनी आहे. यूलियुस क्लेंगेलने 1920 मध्ये बारा चेलोंसाठी ‘हिम्नुस’ लिहिले. बर्लिन फिलहार्मोनिकचे बारा चेलोवादक 1972 मध्ये तीच रचना वाजवायला एकत्र आले आणि त्यातून त्यांचा ताफाच उभा राहिला. व्हिला-लोबोसनेही चेलोंच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिले. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून सिनेसंगीताच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक तंतुवाद्यांची फळी सांभाळत आले. ‘अरेंजर’ हा शब्द आपल्या कानावर पडला तोच सिनेसंगीतातल्या सेबॅस्टियन डिसूझांसारख्यांमुळे. मुंबई, पुणे, गोवा मिळून बारा जण जमतात. तारखा जमत नाहीत, तो वेगळा विषय.

सॉफ्टवेअर कोणते? आणि त्यात ऐकून खात्री करता येते का?

म्युझस्कोर फुकट आहे आणि या कामाला पुरतो. ‘फिनाले’ 2024 मध्ये बंद झाले, तेव्हा नव्याने ते शिकू नका. प्लेबॅकवर मात्र विश्वास ठेवू नका. संगणकाच्या चेलोंना सगळेच शोभते. माझी बारा म्हशींची आवृत्ती त्यात अप्रतिम वाजत होती.

बसायचे कसे?

अर्धवर्तुळात, खालच्या ओळी मध्यभागी, सोलो डाव्या टोकाला. खालच्या ओळी कडेला ठेवल्या की दुसऱ्या कडेचा ताफा हळूहळू सुरातून निसटतो. हॉलमध्ये गुळगुळीत लाद्या असतील तर प्रत्येकाकडे खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा असू द्या. आमच्याकडे एकदा शेवटच्या थांब्यातच एकाचा चेलो टोकदार दांड्यासकट दीड फूट पुढे सरकला. कॉर्ड वाजली, पण तीन भागांत.